घोडा पाय का आपटतो? मुंबईच्या उन्हाळ्यातल्या चावऱ्या माश्या आणि त्यांचा बंदोबस्त

2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तरी घोडे काही शहरातून गेले नाहीत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ते आहेत, जुहूच्या वाळूत पोरांना फिरवणारे आहेत, वरातीची पांढरी घोडी उपनगरात कुठल्यातरी पत्र्याच्या शेडखाली बांधलेली आहे. 1932 मध्ये बंद पडलेलं पोलिसांचं अश्वदल 2020 मध्ये पुन्हा उभं राहिलं होतं.

मार्च उलटल्यावर यातल्या कुठल्याही घोड्यासमोर पाच मिनिटं उभं राहा. शेपटी सारखी फिरत असते, खांद्यावरचं कातडं थरथरतं, मान झटकली जाते, एक पाय उचलून जमिनीवर आपटला जातो. "माश्या फार झाल्यात" असं म्हणून साईस बाजारातून एक फवारा आणतो. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फवारा नकली निघाला असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. त्या घोड्याला निदान चार-पाच निरनिराळे किडे छळत असतात. प्रत्येकाची जन्माची जागा वेगळी, चावायची वेळ वेगळी, अंगावरची आवडती जागाही वेगळी. त्यामुळे आधी आपल्या तबेल्यात कोण आलंय ते ओळखायचं आणि मग पैसे खर्च करायचे. ओळखायला भिंग लागत नाही, घोडाच सांगतो.

घोडा पाय आपटत असेल तर खाली वाका आणि गुडघ्याखाली पाहा. घरात दिसते तशीच करडी माशी तिथे बसलेली असेल, पण तिच्या तोंडातून पुढे रोखलेली एक टोकदार सोंड दिसेल. घरमाशीला अशी सोंड नसते. तिचं तोंड मऊ असतं, ती फक्त चाटते. ही सोंडवाली म्हणजे तबेल्यातली चावरी माशी, शास्त्रीय नाव स्टोमॉक्सिस. नर आणि मादी दोघंही रक्त पितात. दिवसातून एकदा-दोनदा, दर खेपेला काही मिनिटं, आणि उरलेला सगळा वेळ जवळच्या उन्हातल्या भिंतीवर किंवा कुंपणावर रक्त पचवत बसतात. पायच का, तर घोड्याच्या कातड्याखाली एक पातळ स्नायू असतो, ज्यामुळे तो जागच्या जागी कातडं थरथरवून माशी उडवू शकतो. हा स्नायू खांद्यावर, पाठीवर, पोटाच्या बाजूला असतो, पायांच्या खालच्या भागात नसतो. तिथे बसलेल्या माशीला हाकलायला आपटण्याशिवाय इलाजच नाही. दिवसभर आपटून आपटून खूर फुटतात, नाल ढिले होतात, आणि मालक नालबंदाला दोष देतो.

घोडा शेपटीचं मूळ किंवा आयाळ खांबाला घासत असेल, तिथले केस झडून कातडं जाड झालं असेल, तर चिलटांचा संशय घ्या. एक ते तीन मिलिमीटरचे हे किडे पहाटे आणि दिवस मावळताना येतात. काही घोड्यांना त्यांच्या लाळेची अॅलर्जी असते आणि मग खाज इतकी सुटते की घोडा रक्त येईपर्यंत घासतो. (शेपटीचं मूळ घासण्याचं दुसरं कारण पोटातले जंत हेही असतं, म्हणून जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते आठवून पाहा.)

भर दुपारी, कडक उन्हात, चरणारा किंवा चालणारा घोडा अचानक उसळी मारत असेल तर ती गोमाशी. आकाराने मोठी, डोळे मोठे, उडताना आवाज करणारी. हिची मादीच चावते, कारण अंडी धरायला तिला रक्त लागतं. नर फुलातला रस पिऊन जगतात. ती सोंड टोचत नाही, तोंडातल्या पात्यांनी कातडं चिरते आणि वर आलेलं रक्त चाटते. दुखतं प्रचंड. माणसालाही चावते, ज्याला चावली आहे त्याला वर्णन करून सांगायची गरज नाही.

शेपटीखाली, मागच्या मांड्यांच्या मध्ये चिकटून बसलेली, चपटी, चिवट, हाताने ओढली तरी सहज न सुटणारी आणि आडवी-तिरकी पळणारी माशी वेगळीच. ती उडून लांब जात नाही. रोजच्या खराऱ्यात ती हाताने किंवा बारीक दातांच्या कंगव्याने काढून चिरडता येते. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात घोळका करून बसतात त्या बहुधा साध्या घरमाश्या. त्या चावत नाहीत, पण जखमेवर बसून जंतांच्या अळ्या सोडतात. त्यातून उन्हाळ्यात न भरणारे, दाणेदार, चिघळणारे फोड होतात. घोड्याला साधं खरचटलं तरी उन्हाळ्यात जखम उघडी ठेवू नये, ती यासाठी.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे लीद.

एक पूर्ण वाढलेला घोडा दिवसाला साधारण 20 किलोच्या आसपास लीद टाकतो, शिवाय मूत वेगळं. चार घोड्यांच्या शेडमध्ये आठवड्यात अर्ध्या टनाहून जास्त ढीग होतो. ताज्या लिदीत घरमाशी अंडी घालते आणि मुंबईच्या हवेत तिची नवी पिढी आठ-दहा दिवसांत उडू लागते. चावऱ्या माशीला मात्र नुसती ताजी लीद फारशी आवडत नाही. तिला हवा असतो कुजका पेंढा, मुताने भिजलेला, लिदीत कालवलेला, दोन-चार दिवस कुणी न हलवलेला. म्हणजे ठाणाच्या (घोडा बांधायच्या जागेच्या) कोपऱ्यातला, भिंतीच्या कडेचा, गव्हाणीखाली सांडलेल्या वैरणीचा, पाण्याच्या हौदाभोवतीचा थर. तिला अंड्यापासून माशीपर्यंत जायला दोन-तीन आठवडे लागतात. या दोन आकड्यांमध्येच अर्धा उपाय आहे. आठवड्यातून दोनदा जर प्रत्येक कोपऱ्यातला ओला थर पूर्ण उचलून बाहेर गेला, तर आतली अळी माशी होईपर्यंत जागेवर राहतच नाही.

तबेल्यात रोज झाडलोट होते हे मान्य. पण झाडू मधल्या मोकळ्या जागेवर फिरतो. कडेला, फरशीच्या फटीत, लाकडी फळीखाली, मोरीच्या तोंडाशी जे साचतं ते तसंच राहतं. माझं तर म्हणणं आहे की फवाऱ्याच्या पैशात आधी एक चांगलं खोरं आणि एक जास्तीचा हात लावावा. कोपरा खरवडा, वाळू द्या, मग वर कोरडा पेंढा किंवा लाकडाचा भुसा टाका. फरशीला मोरीकडे उतार नसेल तर मूत साचणारच, तिथे कितीही औषध मारलं तरी फरक पडत नाही.

उचललेली लीद जाणार कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. गावाकडे उकिरडा गोठ्यापासून लांब असतो, इथे शेडच्या मागच्या भिंतीलाच टेकलेला असतो. जागा असेल तर ढीग उंच आणि घट्ट रचून वर जाड काळं प्लास्टिक दाबून टाकावं. नीट कुजणाऱ्या ढिगाच्या पोटात 55-60 अंशांपर्यंत उष्णता तयार होते, तीत अळ्या जगत नाहीत. कडा मात्र थंड राहतात, त्यामुळे दर काही दिवसांनी कडेचं मध्ये ओढायचं. जागा नसेल तर रोपवाटिका, गांडूळखत करणारे लोक घोड्याची लीद आनंदाने नेतात. त्यांच्याशी ठरलेल्या दिवसांचा करार करावा. "भरेल तेव्हा नेतो" या बोलीवर माश्यांची एक पिढी सहज निघते.

ढिगावर कीटकनाशक ओतायचा मोह टाळा. लिदीत अगदी बारीक, माणसाला न चावणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जातीचे किडे असतात. ते माशीच्या कोषात आपली अंडी घालतात आणि कोष आतून खाऊन टाकतात. फुकटात राबणारी ही माणसं, पण विष ओतलं की आधी तीच मरतात.

सापळ्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. गूळ किंवा सडकी मासळी घातलेल्या बाटलीत शेकडो माश्या पडतात, पाहून समाधान होतं, आणि घोडा तसाच पाय आपटत राहतो. कारण त्या बाटलीत पडतात त्या घरमाश्या. रक्त पिणाऱ्या माशीला गुळाचं आकर्षण नाही. तिच्यासाठी चिकट लावलेले पांढरे किंवा निळे चकचकीत फलक उन्हात, साधारण कमरेएवढ्या उंचीवर लावतात, तेही तबेल्याच्या बाहेर. सापळा घोड्याच्या डोक्याशी टांगला तर आपणच माश्यांना आमंत्रण देतो. निळ्या दिव्याचे चटचटणारे यंत्र रात्री हॉटेलात ठीक. ते मारतं ते बहुतेक निरुपद्रवी पतंग आणि भुंगे.

पंखा मात्र लावाच. चिलटं आणि डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत. साधा उभा पंखा ठाणाच्या दिशेने फिरवला तर किडे कमी बसतात, आणि घोड्याचा घामही वाळतो. मुंबईत हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड करतो, पण एप्रिल-मे महिन्यात इथली हवा इतकी दमट असते की घाम उडून जातच नाही, नुसता ओघळतो. वायर घोड्याच्या दातांपासून आणि पायांपासून दूर, पाण्यापासून त्याहून दूर. पंख्याचं पातं जाळीत असावं आणि त्यावर पेंढ्याची धूळ साचू देऊ नये, तबेल्याला आग लागायला एवढं पुरे होतं.

याच दमट हवेमुळे अंगावर झूल घालायची की नाही हा पेच होतो. माश्यांसाठी मिळणारी झूल बारीक, विरळ जाळीची असते आणि हवा खेळू देते. जाड सुती चादर घालून घोडा उन्हात उभा केला तर माश्यांपेक्षा उष्माघाताची भीती जास्त. दुपारी सावलीत, पंख्याखाली, उघड्या अंगाने ठेवणं बरं. गोमाशी अंधाऱ्या बंद जागेत सहसा शिरत नाही. पहाटे किंवा संध्याकाळी बाहेर काढताना, विशेषतः अॅलर्जी असलेल्या घोड्याला, जाळीची झूल घालावी. डोळ्यांवरचा जाळीचा मुखवटा चांगला, त्यातून घोड्याला दिसतं. पण रोज काढून आतली कातडी पुसायची आणि रात्री उतरवायचा. वरातीच्या घोडीच्या कपाळावर गोंड्यांची झालर असते ना, ती मूळची शोभेसाठी नाही. मान हलली की गोंडे डोळ्यांवरून फिरतात आणि माश्या उडतात. स्वस्तात स्वस्त आणि जुना उपाय, रोजच्या वापरालाही चालतो.

शेपटी कापू नका. छान दिसते म्हणून ती गुडघ्यापर्यंत छाटतात, काही ठिकाणी घट्ट वेणी घालून बांधून ठेवतात. मोकळ्या रानात दोन घोडे एकमेकांच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे एकाच्या शेपटीने दुसऱ्याचं तोंड झाडलं जातं. अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागून दोरांनी बांधलेल्या घोड्याला ही सोय नाही, त्याला मान वळवून पोटावरची माशीसुद्धा हाकलता येत नाही. निदान माश्यांच्या दिवसांत पिछाडी सोडावी, दोर लांब ठेवावा. जो घोडा हलू शकतो तो आपली बरीचशी राखण स्वतः करतो.

रंगाची गोष्ट मजेदार आहे. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये दाखवलं की काळ्या-तपकिरी घोड्यांवर गोमाश्या जास्त येतात आणि पांढऱ्यांवर कमी. गडद चकचकीत अंगावरून परतणारा उजेड एका विशिष्ट पद्धतीने ध्रुवीकृत होतो (म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात) आणि या माश्यांचे डोळे तोच शोधतात. त्यापुढे 2019 मध्ये इंग्लंडमध्ये घोड्यांवर झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून पाहिली. माश्या भोवती तेवढ्याच घोंघावल्या, पण पट्ट्यांजवळ येऊन वेग कमी करायला चुकल्या आणि बसल्या फार थोड्या. त्याच घोड्यांच्या उघड्या डोक्यावर मात्र नेहमीइतक्याच बसल्या. म्हणजे नवरदेवाच्या पांढऱ्या घोडीला निदान गोमाश्यांच्या बाबतीत नशिबाची साथ आहे. झूल विकत घेणारच असाल तर पट्ट्यांची घ्या, काळी तर नकोच.

अंगावर लावायच्या औषधांत पर्मेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन या जातीची रसायनं खरंच काम करतात, पण घोड्यांसाठी बनवलेली आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. शेतीच्या दुकानातली पिकांवरची बाटली तीच आहे असं समजून पाण्यात मिसळू नका, तिच्यातले द्रावक कातडीसाठी नसतात. तोंडावर फवारायचं नाही, फडक्यावर घेऊन डोळे-नाकपुड्या टाळून पुसायचं. घामाने ते धुऊन जातं, त्यामुळे मुंबईत डब्यावर लिहिलंय तितके दिवस पुरेल अशी अपेक्षा ठेवू नये. तबेल्यात मांजर असेल तर पर्मेथ्रिन तिच्यासाठी जीवघेणं आहे, घोड्याचं अंग ओलं असेपर्यंत तिला लांब ठेवा.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी: अमिट्राझ घोड्याला लावायचं नाही. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी ते सर्रास मिळतं, स्वस्त आहे, आणि शेजारच्या गोठ्यातून कुणी ना कुणी "हे मार, एका दिवसात साफ" म्हणून आणून देतो. घोड्याच्या आतड्यांची हालचाल त्याने थांबते, लीद अडकते, पोटशूळ उठतो आणि घोडा मरू शकतो. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचा कंटाळा इथे परवडत नाही. रॉकेल, फिनेल अंगावर चोळणं हाही असाच प्रकार, कातडी भाजते.

कडुनिंबाचं तेल, करंजाचं तेल, सिट्रोनेला यांचा परिणाम काही तास टिकतो. वापरायला हरकत नाही, पण पातळ करून, आधी छोट्या जागेवर लावून पाहून, आणि तेल लावल्यावर भर उन्हात उभं न करता. चंदीत (घोड्याच्या दाण्यात) लसूण घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिने माश्या कमी होतात याला ठोस आधार नाही, आणि जास्त लसणाने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर तर मी पूर्ण बंद ठेवायला सांगेन. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, सगळी हवा नाकातूनच जाते, आणि त्याची फुप्फुसं धूळ-धुराला आधीच नाजूक. डास थोडे पळतील, घोडा महिनाभर खोकेल.

हे सगळं खाज आणि चिडचिडीपुरतं असतं तर इतकं लिहिलं नसतं. गोमाशी आणि चावरी माशी सर्रा नावाचा आजार पसरवतात. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला डेरा इस्माईल खान इथल्या आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी सापडला, त्यालाच आज ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. हा परजीवी माशीच्या पोटात वाढत नाही. आजारी घोड्याला चावताना दुखल्यामुळे घोडा माशीला झटकतो, तिचं पोट अर्धंच भरलेलं असतं, ती लगेच शेजारच्या घोड्यावर बसते आणि तोंडाला लागलेलं रक्त त्याच्यात उतरतं. वापरलेलीच सुई दुसऱ्याला टोचावी तसं. काही मिनिटांचाच खेळ. त्यामुळे आजारी घोडा लांब बांधणं हाच पहिला उपाय, कारण अर्धपोटी माशी लांबच्या जनावरापेक्षा जवळच्याचकडे परत जाते. माश्यांमुळे अशाच प्रकारे पसरणाऱ्या घोड्यांच्या दुसऱ्या एका आजारासाठी अमेरिकेत 200 यार्ड, म्हणजे साधारण 180 मीटर अंतर ठेवायला सांगतात. मुंबईत एवढी जागा कुणाकडे आहे? मग निदान वेगळी शेड, दारा-खिडक्यांना बारीक जाळी आणि आत पंखा.

माणसाला सर्रा सहसा होत नाही, आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्या परजीवीला मारतं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला तेव्हा जगभर चर्चा झाली. पुढे कळलं की त्याच्या शरीरात ते प्रथिनच काम करत नव्हतं. घोड्याकडे मात्र असं संरक्षण नाही आणि लसही उपलब्ध नाही. उपचार झाला नाही तर बहुतेक घोडे दगावतात.

आपल्याकडे सर्रा वाढतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतर, कारण गोमाशीच्या अळ्या चिखलात वाढतात. रेसचे घोडे मुंबईचा हंगाम एप्रिलमध्ये संपला की पावसाळ्यातल्या हंगामासाठी पुण्याला जातात. वरातीचे, किनाऱ्यावरचे, माथेरानच्या अश्वपालांचे घोडे आपापल्या जागीच भिजतात. म्हणून कोपरे खरवडण्याचं, उतार दुरुस्त करण्याचं, तुंबलेली मोरी मोकळी करण्याचं काम मे संपायच्या आत उरकायला हवं.

पावसाळ्याच्या दिवसांत रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, घोड्याचा ताप मोजा. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस हे ठीक. सर्रा झाला की ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. चंदी संपवतो तरी बरगड्या दिसू लागतात. डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट. पाय आणि पोटाखाली सूज. मागचे पाय लडखडतात. यातलं काहीही दिसलं तर "उन्हाने झालं असेल" म्हणून थांबू नका. डॉक्टरांना बोलवा, किंवा परळला 1886 पासून चालणारं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे न्या. ताप चढलेला असतानाच रक्त तपासायला द्या, कारण ताप उतरल्यावर परजीवी रक्तात इतके कमी होतात की काचेवर दिसत नाहीत. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत नवा घोडा कुठून आणला, बाजारातून की दुसऱ्या मालकाकडून, हे न विचारता आपणहून सांगा.